यंत्र दूर, जबाबदारी जवळ
मध्यम संगणकांना दूरस्थ टर्मिनल जोडताना

रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्यासमोर एक पडदा आणि एक कळफलक असतो. गाडीतील जागांची नोंदवही मात्र त्या खिडकीत नसते. ती पुष्कळदा शेकडो किलोमीटर दूर असलेल्या संगणकात असते. प्रवाशाने अर्ज दिला, कर्मचाऱ्याने नाव व गाडी क्रमांक टिपला, की ती माहिती वाहिनीवरून दूरच्या संगणकाकडे जाते. तेथे जागेची नोंद होते आणि उत्तर परत येते. नवी दिल्ली येथे १९८५-८६ च्या सुमारास डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या व्हॅक्स संगणकांवर ही व्यवस्था प्रथम सुरू झाली. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथे अशीच केंद्रे उभी राहिली आणि १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे परस्परांना जोडण्यात आली. एका शहरातून दुसऱ्या शहरातील गाडीचे तिकीट काढणे त्यामुळेच सुलभ झाले.

दूर असलेल्या संगणकावर आपल्या जागेवरून काम करण्याच्या या पद्धतीस दूरस्थ टर्मिनल पद्धती असे म्हणता येईल. आज तलाठी कार्यालयापासून बँकेच्या शाखेपर्यंत बहुतेक ठिकाणी याच तत्त्वावर कामे चालतात. यंत्रे बदलली, पडद्यांचे रूप बदलले, परंतु नोंद एका ठिकाणी आणि ती करणारा हात दुसऱ्या ठिकाणी, ही मूळ मांडणी कायम आहे. अशी जोडणी कशी केली जाते आणि ती करताना कोणती दक्षता घ्यावी लागते, हे समजून घेण्यासाठी व्यापारी जगतात दीर्घकाळ वापरात असलेल्या एका मध्यम संगणकाचे उदाहरण येथे घेतले आहे.

मध्यम संगणक म्हणजे काय?

मोठ्या बँका व विमा कंपन्या ज्या अवाढव्य संगणकांवर आपले व्यवहार चालवीत, त्यांची किंमत आणि देखभाल लहान उद्योगांच्या आवाक्याबाहेरची होती. उलट टेबलावरील वैयक्तिक संगणक एकाच माणसाच्या कामापुरता असे. या दोहोंच्या मधली गरज मध्यम संगणकांनी भागविली. आयबीएम कंपनीने १९६९ मध्ये सिस्टीम/३ हा संगणक याच वर्गासाठी बाजारात आणला. १९७८ मध्ये सिस्टीम/३८ ची घोषणा झाली, १९८३ मध्ये सिस्टीम/३६ आला आणि या दोन्ही परंपरा एकत्र आणणारा एएस/४०० हा संगणक २१ जून १९८८ रोजी जाहीर करण्यात आला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर या गावी त्याची निर्मिती झाली. २००० नंतर त्याचे नाव वेळोवेळी बदलत गेले. आज त्याची संचालन प्रणाली ‘आयबीएम आय’ या नावाने ओळखली जाते.

या संगणकाचे एक वैशिष्ट्य असे की, माहितीसाठा सांभाळण्याची व्यवस्था त्यात वेगळी बसवावी लागत नाही. ती संचालन प्रणालीचाच भाग असते. दुसरे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत आहे. आज्ञावली आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यामध्ये एक स्थिर थर ठेवण्यात आला आहे. त्यामुळे १९९५ मध्ये आतील प्रक्रियक पूर्णतः बदलून ६४ बिटांचा करण्यात आला, तेव्हाही जुन्या आज्ञावली नव्याने लिहाव्या लागल्या नाहीत. अनेक वर्षांपूर्वी लिहिलेली साठा नोंदीची किंवा हिशेबाची आज्ञावली आजही अनेक संस्थांत चालू आहे, याचे कारण हेच होय.

आपल्या देशाशी या संगणकाचा संबंध काहीसा उशिरा आला. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील आपला कारभार आवरता घेतला होता. टाटा समूहाच्या सहकार्याने ती कंपनी १९९२ मध्ये पुन्हा येथे आली. त्यानंतरच्या काळात मुंबई-पुण्याच्या अनेक संगणकतज्ज्ञांनी परदेशातील संस्थांच्या एएस/४०० संगणकांवर येथूनच काम केले. सन २००० च्या तारखेच्या प्रश्नामुळे या कामास विशेष वेग आला. संगणक अमेरिकेत वा युरोपात आणि तो दुरुस्त करणारा तज्ज्ञ पुण्यात, हे दूरस्थ टर्मिनलशिवाय शक्य झाले नसते.

पडद्यावरील विवरणपत्र

आयबीएमच्या मध्यम संगणकांसाठी ५२५० या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या टर्मिनलांची मालिका तयार झाली. तिच्यातील ५२५१ हे टर्मिनल १९७७ मध्ये आले. हिरव्या अक्षरांच्या या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण १,९२० अक्षरे मावत. पुढे २७ ओळी व १३२ अक्षरांचा मोठा पडदाही वापरात आला.

टर्मिनलमध्ये स्वतःची हिशेबबुद्धी नसते. परंतु ५२५० चे टर्मिनल एक काम चोख करते. संगणक त्याच्याकडे जणू एक कोरे विवरणपत्र पाठवितो. नाव येथे लिहावे, रक्कम येथे लिहावी, या रकान्यात फक्त अंक चालतील, अशा सूचना त्या विवरणपत्राबरोबरच येतात. कर्मचारी रकाने भरत असताना संगणकाला त्याची वार्ताही नसते. विवरणपत्र पूर्ण झाल्यावर एंटरची कळ दाबली, की भरलेले रकाने एकगठ्ठा संगणकाकडे जातात.

अनेक अन्य संगणकांच्या टर्मिनलांची रीत निराळी असते. तेथे दाबलेली प्रत्येक कळ संगणकापर्यंत जाते आणि तेथून परत आल्यावरच ते अक्षर पडद्यावर उमटते. जवळच्या जोडणीत हा फरक जाणवत नाही, परंतु अंतर वाढले की तो ठळक होतो. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येणे आणि उत्तराने त्याच वाटेने परतणे, असा सुमारे १,४४,००० किलोमीटरचा प्रवास होतो. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. प्रत्येक अक्षरामागे अर्धा सेकंद थांबावे लागले, तर टंकलेखन करणारा मेटाकुटीला येईल. एका विवरणपत्रामागे अर्धा सेकंद मात्र सहज खपून जातो. मंद वा लांबच्या वाहिनीवरही ५२५० चे टर्मिनल समाधानकारक काम देते, ते या गुणामुळे. सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणाऱ्या जुन्या वाहिनीवरूनही संपूर्ण भरलेला पडदा पोचविण्यास दोन सेकंदांहून फारसा अधिक वेळ लागत नसे.

हजेरी घेणारा नियंत्रक

प्रारंभी ही टर्मिनले संगणकाच्याच इमारतीत असत. दोन तारा एकत्र गुंफलेल्या, ट्विनॅक्स नावाच्या केबलने ती जोडली जात. एका केबलवर सात यंत्रे, त्यांना शून्य ते सहा असे क्रमांक आणि केबलची कमाल लांबी ५,००० फूट, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर, अशी मर्यादा होती. संगणकाच्या बाजूस असलेला नियंत्रक, वर्गात शिक्षक हजेरी घेतात त्याप्रमाणे, प्रत्येक क्रमांक पुकारून ‘काही सांगावयाचे आहे काय?’ असे विचारीत राही. ज्याच्याकडे भरलेले विवरणपत्र असेल ते टर्मिनल उत्तर देई. दोन यंत्रांना चुकून एकच क्रमांक दिला, तर दोघेही एकाच वेळी ‘हजर’ म्हणत आणि दोघांचेही काम अडे.

दीड किलोमीटरच्या पलीकडे जावयाचे तर दुसरा उपाय करावा लागे. शाखेच्या ठिकाणी एक दूरस्थ नियंत्रक बसविण्यात येई. शाखेतील टर्मिनले व छपाई यंत्रे त्याला ट्विनॅक्सने जोडली जात. तो नियंत्रक मोडेम आणि भाड्याने घेतलेल्या टेलिफोन वाहिनीमार्फत मुख्यालयातील संगणकाशी बोलत असे. या व्यवस्थेत एक अंगभूत शिस्त होती. कोणती वाहिनी, तिच्यावर कोणता नियंत्रक, त्याच्यावर कोणते टर्मिनल, हे सारे संगणकात आधी नोंदवावे लागे. नोंद नसलेल्या यंत्राला दार उघडतच नसे. जोडणीस विलंब होई हे खरे, पण कोण कोठून बोलत आहे हे संगणकाला नेमके ठाऊक असे.

टेलनेटचा मार्ग

संगणकांची जाळी सर्वत्र पसरल्यावर प्रत्येक शाखेसाठी स्वतंत्र वाहिनी व नियंत्रक बाळगण्याचे कारण उरले नाही. टेलनेट ही एका संगणकावरून दुसऱ्यावर काम करण्याची सर्वमान्य पद्धत आधीपासून होती. परंतु ती अक्षरागणिक चालणाऱ्या टर्मिनलांच्या धाटणीची होती. ५२५० ची विवरणपत्रे टेलनेटवरून कशी पाठवावीत, याचे नियम फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर साध्या वैयक्तिक संगणकावर टर्मिनलची भूमिका वठविणारी आज्ञावली घातली, की तोच संगणक एएस/४०० चे टर्मिनल म्हणून काम करू लागला.

येथे भाषांतराचा एक प्रश्न उभा राहतो. आयबीएमच्या मोठ्या व मध्यम संगणकांत अक्षरांसाठी एब्सिडिक नावाची संकेतपद्धती वापरतात. वैयक्तिक संगणकांत आस्की किंवा तिच्यापासून विकसित झालेल्या पद्धती असतात. टर्मिनलची भूमिका करणाऱ्या आज्ञावलीला हे भाषांतर सतत करावे लागते. शिवाय एब्सिडिकमध्येही देशपरत्वे निरनिराळे तक्ते आहेत. अमेरिकी तक्त्यात ज्या संकेताला डॉलरचे चिन्ह असते, त्याच संकेताला ब्रिटिश तक्त्यात पौंडाचे चिन्ह असते. संगणक एका तक्त्यावर आणि टर्मिनल दुसऱ्या तक्त्यावर बेतलेले असेल, तर रकमेचा आकडा बरोबर आणि चलन मात्र चुकीचे असा विचित्र प्रकार पडद्यावर दिसतो. अक्षरतक्ता जुळविणे हे क्षुल्लक वाटणारे पण पहिल्याच दिवशी उरकण्याचे काम आहे.

जोडणीची पावले

समजा, एका वितरण संस्थेचे मुख्य कार्यालय शहरात असून तेथे असा मध्यम संगणक आहे. गोदाम चाळीस किलोमीटरवर आहे. मालाची आवक-जावक गोदामातूनच नोंदवावी, असे संस्थेने ठरविले आहे. यासाठी पुढील क्रमाने काम करावे लागते.

प्रथम मुख्य संगणकाला जाळ्यातील पत्ता व नाव द्यावे लागते आणि गोदामातील संगणकापासून त्या पत्त्यापर्यंत वाट मोकळी असल्याची खात्री करावी लागते. मधल्या सुरक्षा भिंतीने ती वाट अडविली असेल, तर नेमका आवश्यक तेवढाच मार्ग खुला करावा लागतो. दुसरे पाऊल म्हणजे मुख्य संगणकावर टेलनेटची सेवा सुरू करणे. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यास ही सेवा आपोआप सुरू व्हावी, अशी तजवीजही करावी लागते, नाहीतर सुटीनंतरच्या सकाळी गोदामाचे काम ठप्प होते.

तिसरे पाऊल आभासी टर्मिनलांचे आहे. जाळ्यावरून आलेल्या प्रत्येक जोडणीसाठी संगणक आपल्या आत एक काल्पनिक टर्मिनल तयार करतो. अशी किती टर्मिनले आपोआप निर्माण होऊ द्यावीत, याची मर्यादा प्रणालीच्या एका मूल्याने ठरते. मर्यादा फार कमी ठेवली तर कामाच्या गर्दीत कर्मचाऱ्यांना प्रवेश मिळत नाही. अमर्याद ठेवली तर काय होते, ते पुढे पाहू.

चौथे पाऊल वापरकर्त्यांच्या खात्यांचे. गोदामात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडावे लागते आणि त्याला कोणत्या नोंदी पाहता येतील, कोणत्या बदलता येतील, हे ठरवावे लागते. पाचवे पाऊल छपाईचे. पावती गोदामातील यंत्रावरच छापली जावी यासाठी त्या यंत्राची स्वतंत्र जोडणी करून त्याच्या नावाची छपाई रांग कर्मचाऱ्याच्या खात्याशी किंवा टर्मिनलशी निगडित करावी लागते. शेवटी प्रत्यक्ष चाचणी. ती कोऱ्या पडद्यापुरती न करता एक पूर्ण व्यवहार नोंदवून, पावती छापून आणि नोंद रद्द करून करावी.

नाव कोणाचे?

कामाला लागलेली जोडणी आणि चांगली जोडणी यांतील फरक येथून पुढे कळतो. नवख्या व्यवस्थेत संगणक आभासी टर्मिनलांना स्वतःच क्रमवार नावे देतो. आज सकाळी गोदामातील टर्मिनलला पहिले नाव मिळेल, उद्या तेच नाव हिशेब विभागातील टर्मिनलला मिळेल. त्यामुळे टर्मिनलच्या नावावरून छपाई ठरत असेल, तर गोदामाची पावती हिशेब विभागात छापून निघते. याहून गंभीर बाब म्हणजे, एखादी चुकीची नोंद कोणत्या जागेवरून झाली हे नंतर नोंदवहीतून शोधू गेल्यास त्या नावाचा काहीच अर्थ लागत नाही.

सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांमुळे टर्मिनलने आपले ठरलेले नाव जोडणीच्या वेळीच सांगण्याची सोय झाली. तिचा अवश्य लाभ घ्यावा. ‘गोदाम-१’, ‘गोदाम-२’ अशा धर्तीवर स्थिर नावे दिली, की जुन्या ट्विनॅक्स जोडणीतील शिस्त पुष्कळ अंशी परत येते.

टर्मिनलच्या नावाहून माणसाचे नाव महत्त्वाचे आहे. अनेक कार्यालयांत सोयीसाठी एकच खाते आणि एकच पासवर्ड सर्वजण वापरतात. तो पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटविलेल्या चिठ्ठीवरही सापडतो. काम सुरळीत चालते तोवर यातील धोका दिसत नाही. परंतु साठ्यात पन्नास पोती कमी भरली आणि संगणकाच्या नोंदवहीत त्या एकाच सामाईक खात्याचे नाव आढळले, की संशय सर्वांवर येतो. पुष्कळदा तो त्या वेळी कामावर असलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यावर स्थिरावतो. ज्याने काही केले नाही त्याला ते सिद्ध करण्याचे साधनच उरत नाही. स्वतंत्र खाते म्हणजे कर्मचाऱ्यावरील अविश्वास, असा समज आढळतो. वस्तुतः ते त्याच्या प्रामाणिकपणाचे पहिले संरक्षण आहे. हजेरीपटावर जसा प्रत्येक जण स्वतःचीच सही करतो, तसेच हे आहे.

सूची म्हणजे कुलूप नव्हे

एएस/४०० वरील जुन्या आज्ञावलींत कर्मचाऱ्याने प्रवेश केला की त्याच्यापुढे कामांची एक सूची येते. १. आवक, २. जावक, ३. शिल्लक पाहणे आणि ९. बाहेर पडणे, असे तिचे स्वरूप असते. गोदामातील माणसाच्या सूचीत वेतनपत्रक नाही, म्हणजे त्याला वेतनपत्रक पाहता येणार नाही, असे पूर्वी मानले जाई. टर्मिनल हाच एकमेव दरवाजा होता तोवर हे बव्हंशी खरेही होते.

टर्मिनलची जागा वैयक्तिक संगणकाने घेतल्यावर परिस्थिती पालटली. त्याच संगणकातून, त्याच नावाने व पासवर्डने, माहितीसाठ्याकडे जाण्याच्या इतर वाटाही उपलब्ध असतात. फाइली उतरवून घेण्याची सेवा किंवा तक्त्यांच्या आज्ञावलीतून थेट माहिती मागविण्याची सोय यांना पडद्यावरील सूचीचे बंधन नसते. वेतनाच्या फाइलीवर सर्वांना वाचनाचा अधिकार दिलेला असेल, तर सूचीत नसलेली ती फाइल या मागील दाराने उघडते. सूचीतून नाव वगळणे म्हणजे खोलीवरील पाटी काढून टाकणे होय. दाराला कुलूप लावावयाचे तर प्रत्यक्ष फाइलीवरचा अधिकार मर्यादित करावा लागतो. या संगणकात प्रत्येक फाइल व आज्ञावलीसाठी कोणाला कोणता अधिकार आहे, हे नेमके ठरविण्याची सोय मुळातच आहे. मात्र ती वापरली तरच उपयोगी पडते.

बाहेरून येणाऱ्या अनोळखी प्रयत्नांसाठीही विचार करावा लागतो. चुकीचा पासवर्ड किती वेळा दिल्यावर प्रवेश रोखावा, हे ठरविता येते. समजा ही संख्या तीन ठेवली आणि तीन चुकांनंतर फक्त ते टर्मिनल बंद करावे असे ठरविले. जुन्या जोडणीत हे पुरेसे होते. परंतु आभासी टर्मिनलांच्या व्यवस्थेत एक बंद झाले की घुसखोर नवी जोडणी मागतो आणि त्याला दुसरे टर्मिनल मिळते. पन्नास आभासी टर्मिनले निर्माण होण्यास मुभा असेल, तर तीनऐवजी दीडशे प्रयत्न करता येतात. मुभा अमर्याद असेल तर प्रयत्नही अमर्याद होतात. म्हणून आभासी टर्मिनलांची संख्या गरजेपुरतीच ठेवावी आणि ठरावीक चुकांनंतर टर्मिनलबरोबर ते खातेही बंद व्हावे, अशी योजना करावी.

सर्वाधिकारी खात्यांची बाब आणखी नाजूक आहे. सर्व फाइलींवर अधिकार असलेल्या खात्याला नेमून दिलेल्या टर्मिनलांवरूनच प्रवेश मिळावा, असे बंधन घालण्याची तरतूद या प्रणालीत आहे. तसेच ज्या खात्यांचे नाव आणि पासवर्ड एकच आहेत, ती शोधून काढणारी आज्ञाही आहे. ती वेळोवेळी चालविली तर अनेक विसरलेली, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची खाती उजेडात येतात.

मार्गावरील गुप्तता

टेलनेटच्या मूळ पद्धतीत विवरणपत्र जसे भरले तसेच वाहिनीवरून जाते. त्यात पासवर्डचाही समावेश असतो. एब्सिडिकमुळे तो वाचता येत नाही, असा एक भ्रम आढळतो. संकेतपद्धती ही केवळ लिपी आहे, ते कुलूप नव्हे. मोडी न येणाऱ्यास मोडीतील पत्र वाचता येत नाही, परंतु मोडी जाणणाऱ्यास ते उघडेच असते. एब्सिडिकचे तक्ते तर सर्वत्र उपलब्ध आहेत.

यासाठी मजकूर कूटबद्ध करून पाठविण्याची व्यवस्था करावी. साध्या टेलनेटसाठी २३ या क्रमांकाचे द्वार वापरले जाते, तर कूटबद्ध टेलनेटसाठी ९९२ हे द्वार राखून ठेवलेले आहे. मुख्य संगणकावर प्रमाणपत्र बसवून ९९२ चे द्वार सुरू करावे, सर्व टर्मिनले त्याच्याशी जोडली गेल्याची खात्री करावी आणि मग २३ चे द्वार बंद करावे. शेवटचे पाऊल पुष्कळदा राहून जाते. नवे दार बसविले आणि जुने उघडेच राहिले, तर खर्च होतो, पण सुरक्षितता मिळत नाही. सार्वजनिक इंटरनेटवरून जोडणी करावयाची असल्यास संस्थेच्या खासगी कूटबद्ध मार्गातूनच ती करावी. टर्मिनलचे द्वार थेट जगासमोर ठेवू नये.

वाहिनी तुटली तर

दूरची जोडणी कधी ना कधी तुटणारच, हे गृहीत धरून योजना केली पाहिजे. गोदामातून माल गेला, ‘जावक’ची नोंद झाली, शिल्लक कमी होण्यापूर्वीच वीज गेली, असे घडल्यास नोंद अर्धवट राहील काय? या संगणकात फाइलींची रोजकीर्द ठेवण्याची आणि परस्परसंबद्ध नोंदी एकत्र बांधण्याची सोय आहे. बांधलेल्या नोंदी एक तर सर्व पूर्ण होतात, अन्यथा एकही होत नाही. आज्ञावली लिहितानाच ही काळजी घेतली असली पाहिजे. जोडणी करणाऱ्याने ती घेतली आहे किंवा नाही, हे विचारावे.

तुटलेल्या टर्मिनलवरील काम पुढे काय व्हावे, हेही ठरवावे लागते. ते लगेच संपवावे, की काही काळ थांबवून ठेवून कर्मचारी परतल्यावर त्याच जागेपासून चालू करावे, असे पर्याय आहेत. दुसरा पर्याय सोयीचा वाटतो. पण टर्मिनलची नावे स्थिर नसतील, तर तुटलेले काम शोधणे अवघड होते. नाव निश्चित करण्याचे महत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते. त्याचप्रमाणे कर्मचारी जागेवरून उठून गेला आणि पडदा उघडाच राहिला, तर ठरावीक मिनिटांनंतर काम आपोआप थांबावे, अशी मर्यादा घालावी. वेळ फार थोडा ठेवला तर लोक त्रासून नियम चुकविण्याच्या युक्त्या शोधतात, म्हणून कामाचे स्वरूप पाहून तो ठरवावा.

कार्यालयप्रमुखांनी विचारावयाचे प्रश्न

जोडणीचे तांत्रिक काम तज्ज्ञ करतील. परंतु कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक किंवा ग्रामपंचायतीचे पदाधिकारी यांनी काही साधे प्रश्न विचारण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. प्रत्येक वापरकर्त्याचे स्वतंत्र खाते आहे काय? बदली झालेल्या किंवा सेवानिवृत्त कर्मचाऱ्याचे खाते कोणत्या दिवशी बंद केले? नोंद कोठून झाली हे टर्मिनलच्या नावावरून कळते काय? सूचीत नसलेली फाइल अन्य वाटेने उघडत नाही, याची चाचणी कोणी घेतली? मार्गावर मजकूर कूटबद्ध आहे काय आणि जुने द्वार बंद केले आहे काय? वीज गेल्यास अर्धवट नोंदीचे काय होते? ही उत्तरे लेखी घेऊन दप्तरी ठेवावीत आणि वर्षातून एकदा पडताळून पाहावीत.

हे प्रश्न एका विशिष्ट कंपनीच्या संगणकापुरते नाहीत. नोंद दूर ठेवून काम जवळ करण्याची पद्धत जेथे जेथे आहे, तेथे ते लागू पडतात, मग ती नोंद गोदामातील पोत्यांची असो, विद्यार्थ्यांच्या पटाची असो किंवा जमिनीच्या हक्काची असो. दूरच्या यंत्राला माणूस दिसत नाही, त्याने दिलेले नाव तेवढे दिसते. त्या नावामागे खरोखर तोच माणूस आहे, याची हमी देणे हे यंत्राचे काम नसून कार्यालयाचे आहे. ज्याच्या नावाची नोंद होते त्या नागरिकाचा आणि जो ती नोंद करतो त्या कर्मचाऱ्याचा, अशा दोघांचाही विश्वास या हमीवरच उभा असतो.